किती मात्रा पुरेशी? बर्किट लिम्फोमाच्या उपचारांचा आढावा

मुलांचा कर्करोग म्हटला की आपल्याकडे पहिले नाव निघते ते ल्युकेमियाचे. लिम्फोमा त्यामागून येतात. त्यांतला बर्किट लिम्फोमा तर तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत एखाद्या वेळी दिसला तर दिसला. पण या विरळ आजाराचे कर्करोगशास्त्रातले वजन फार मोठे आहे. माणसाच्या कर्करोगाशी जोडला गेलेला पहिला विषाणू याच गाठीत सापडला. गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली की एखादे जनुक कसे बेलगाम होते, हे ज्या आजारांत सुरुवातीला उलगडले त्यांत हा एक आहे. आणि निव्वळ औषधांनी बऱ्या झालेल्या पहिल्या काही गाठींतही त्याची गणना होते.

युरोप-अमेरिकेतल्या चांगल्या केंद्रांत आज हा आजार झालेली दहातली नऊ मुले बरी होतात. मलावीसारख्या देशात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास घुटमळते. मूळ औषधे बहुतांशी तीच आहेत. म्हणून या क्षेत्रातली आजची चर्चा ‘कोणते औषध’ यापेक्षा ‘किती आणि कुठे’ याभोवती फिरते. ती नीट समजायची तर थोडे मागे जावे लागते.

एका सर्जनची भटकंती

१९५७ साली युगांडातल्या कंपाला इथे मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन काम करत होते. लहानपणी अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. ह्यू ट्रॉवेल या सहकारी डॉक्टरांनी त्यांना एक पाच वर्षांचा मुलगा दाखवला. त्याचा जबडा वर-खाली आणि डावी-उजवीकडे, चारही ठिकाणी सुजला होता. जंतुसंसर्ग म्हणावा तर तो चारही बाजूंना एकदम कसा होईल? कर्करोग म्हणावा तरी अडचण तीच. थोड्याच दिवसांनी जिंजा गावच्या रुग्णालयात खिडकीबाहेर त्यांची नजर गेली, तर गवतावर आईजवळ तशाच चेहऱ्याचे दुसरे मूल बसलेले. तपासले तर त्याच्या पोटातही गाठी होत्या.

मग बर्किटनी जुन्या नोंदी आणि शवविच्छेदनाचे अहवाल चाळले. जबड्याची गाठ म्हणून नोंदलेल्या मुलांत मूत्रपिंड, अंडाशय, यकृत अशा ठिकाणीही गाठी होत्या. आतापर्यंत प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या अवयवाची गाठ वेगळी मोजत होता. हा सगळा एकच आजार आहे, हे बर्किटनी ओळखले. १९५८ मध्ये त्यांनी तो जबड्याचा सार्कोमा म्हणून प्रसिद्ध केला. तो लिम्फोमा आहे हे नंतर ग्रेगरी ओ'कॉनर आणि जॅक डेव्हिस या पॅथॉलॉजिस्टांच्या कामातून स्पष्ट झाले.

पुढचे संशोधन जवळजवळ फुकटात झाले. पंचवीस पौंडांच्या अनुदानातून चित्रांची पत्रके छापून आफ्रिकाभरच्या रुग्णालयांना धाडली गेली: असा रुग्ण तुमच्याकडे येतो का? उत्तरे नकाशावर मांडली तर विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना एक पट्टा तयार झाला. १९६१ मध्ये बर्किट दोन मित्रांसह जुन्या मोटारीतून सुमारे दहा हजार मैल हिंडले. विषुववृत्ताजवळ पाच हजार फुटांच्या वर आजार नाही, दक्षिणेकडे जावे तशी ही मर्यादा खाली येते, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे खरी मर्यादा उंचीची नव्हती, ती ऊब आणि पाऊस यांची होती. उबदार, ओला मुलूख म्हणजे डासांचा मुलूख.

त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये बर्किटनी व्याख्यान दिले. श्रोत्यांत मायकेल एपस्टाईन होते. कंपालाहून गाठीचे नमुने विमानाने त्यांच्याकडे येऊ लागले, पण विषाणू काही सापडेना. १९६३ च्या डिसेंबरात धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवावे लागले आणि नमुना पोहोचेपर्यंत त्यातले पाणी गढूळ झाले होते. जंतू वाढले असे समजून तो फेकला जायचा, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर गढूळपणा सुट्या झालेल्या जिवंत कर्कपेशींचा होता. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या आणि १९६४ मध्ये एपस्टाईन, बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांनी त्यांत नवा विषाणू दाखवला. एपस्टाईन-बार विषाणू तो हाच.

गाठ कुठे उगवते

बहुतेक लिम्फोमा मानेतल्या, काखेतल्या किंवा छातीतल्या लसिकाग्रंथींत सुरू होतात. बर्किट ग्रंथी सोडून थेट अवयव धरतो, आणि कोणता अवयव धरेल हे मुलाच्या वयावर आणि मुलखावर बरेचसे ठरते.

आफ्रिकेच्या पट्ट्यात जबडा पहिला. त्यातही दाढा घडत असतात त्या वयाची, तीन ते सातच्या आसपासची मुले अधिक. जबड्याचे प्रमाण वय वाढेल तसे घटते आणि पोटातल्या गाठींचे वाढते. अनेकदा पहिली तक्रार दात हलण्याची असते, सूज मागून दिसते. डोळ्याच्या खोबणीत गाठ वाढून डोळा बाहेर येतो. कण्याजवळ गाठ झाली तर मूल कालपर्यंत चालत होते आणि आज पाय हलत नाहीत, अशा अवस्थेत येते. हनुवटी बधिर होणे किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे हेही मज्जातंतूंपर्यंत पोहोचलेल्या आजाराचे लक्षण असू शकते.

युरोप, अमेरिकेत आणि आपल्याकडेही जबडा मागे पडतो आणि पोट पुढे येते. लहान आणि मोठे आतडे जिथे जुळतात तो भाग या गाठीचा आवडता. तिथे गाठ वाढली की आतड्यात आतडे शिरते, पोटात कळा येतात, उलट्या होतात. उजव्या बाजूला दुखते म्हणून अपेंडिक्सचे ऑपरेशन करायला पोट उघडावे आणि आत गाठ सापडावी, ही या आजाराची नेहमीची कथा. तान्ह्या बाळात आतड्यात आतडे शिरणे फारसे नवलाचे नाही. पण सात-आठ वर्षांच्या मुलात तसे झाले, तर आत काही वाढले आहे का हे तपासायलाच हवे.

दोन्ही मूत्रपिंडे एकदम फुगणे ही याची आणखी एक तऱ्हा. असे मूल कधी कधी लघवी कमी झाली म्हणून मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे पोहोचते आणि क्रिएटिनीनच्या आकड्यांत मूळ आजार झाकला जातो. मुलींत दोन्ही अंडाशयांत गाठी येतात. वयात येणाऱ्या मुलींत आणि स्तनपान करणाऱ्या तरुण स्त्रियांत दोन्ही स्तनांत आजार झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइड, लाळग्रंथी, स्वादुपिंड, वृषण, सगळीकडे तो आढळला आहे.

असे का, याचे खात्रीचे उत्तर नाही. वाढीच्या रेट्यात असलेल्या ऊतींत, म्हणजे फुटणारी दाढ किंवा वयात येतानाचा स्तन, या पेशींना पोषक वातावरण मिळत असावे, असा तर्क जुना आहे. मांडणी आकर्षक आहे, पण मूत्रपिंड तिच्यात बसत नाही.

पहिले दोन दिवस

या पेशींची वाढ माणसातल्या सगळ्या गाठींत बहुधा सर्वांत वेगवान आहे. एक-दोन दिवसांत त्या दुपटीच्या वाटेवर असतात. काचपट्टीवर काळ्यानिळ्या पेशींची गच्च गर्दी दिसते आणि तिच्यात मधूनमधून मेलेल्या पेशी गिळणाऱ्या फिकट, मोठ्या पेशी. विभाजन मोजणारा केआय-६७ हा रंग लावला तर जवळपास प्रत्येक पेशी रंगते. शुक्रवारी घेतलेल्या तुकड्याचा अहवाल पुढच्या बुधवारी येणार असेल, तर तोवर गाठ तेवढीच राहिलेली नसते.

मात्र घाईलाही एक धोका आहे. किमो सुरू होताच पेशी एकगठ्ठा फुटतात आणि त्यांतले पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड रक्तात उतरते. मूत्रपिंड बंद पडू शकते, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून सुरुवात हलक्या औषधांनी करतात. सलाईन भरपूर चालू ठेवायचे, दर काही तासांनी लघवी मोजून तक्त्यावर लिहायची, रक्ताचे नमुने दिवसातून दोन-तीनदा पाठवायचे. ॲलोप्युरिनॉल स्वस्त आहे. रास्ब्युरिकेज महाग पण जलद आहे, आणि जी६पीडीची कमतरता असलेल्या मुलाला ते देता येत नाही. या दोन दिवसांत परिचारिकेची वही औषधाइतकीच निर्णायक असते, असे मला वाटते.

निदान किती पक्के हवे, यावर दोन मते आहेत. ऊतीचा तुकडा, विशेष रंगकाम आणि गुणसूत्रांची तपासणी झाल्याखेरीज उपचार सुरू करू नयेत, ही मोठ्या केंद्रांची पद्धत. आफ्रिकेतल्या अनेक रुग्णालयांत मात्र बारीक सुईने घेतलेल्या पेशींवर आणि डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर उपचार सुरू होतात. काही मुलांना चुकीच्या आजाराची औषधे मिळतात, हे खरे. अहवालाची वाट पाहताना काही मुले दगावतात, हेही खरे.

कारणांचा गुंता

आफ्रिकेतल्या जवळजवळ सगळ्या गाठींत एपस्टाईन-बार विषाणू असतो. अमेरिकेत तो पाचातल्या एखाद-दुसऱ्या रुग्णात सापडतो. आणि विषाणू तर जगातल्या बहुतेक सगळ्या माणसांच्या शरीरात असतो. त्यामुळे तो एकटा हा आजार घडवतो असे म्हणता येत नाही. युगांडाच्या वेस्ट नाईल भागात सुमारे ४२,००० मुलांचे रक्त आधीच घेऊन ठेवून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे फार वाढलेल्या मुलांचा धोका इतरांच्या कितीतरी पट असल्याचे १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

दुसरा संशयित मलेरिया. आजाराचा पट्टा फाल्सिपेरम मलेरियाच्या पट्ट्यावर जवळपास तंतोतंत बसतो. वारंवार होणाऱ्या मलेरियाने बी-पेशी सतत चेतवल्या जातात, आणि प्रतिपिंडांची जनुके कापून जोडणारे विकर जास्त काम करू लागते. असे काम वाढले की चुकीच्या जागी काप बसण्याची शक्यताही वाढते. सिकल सेलचे एकच जनुक असलेल्या, म्हणजे मलेरियापासून काहीसे संरक्षण असलेल्या, पूर्व आफ्रिकेतल्या मुलांत हा आजार कमी आढळतो असेही अलीकडे दिसले आहे. प्रत्यक्ष प्रयोगाने मात्र निकाल लागला नाही. टांझानियाच्या उत्तर मारा भागात १९७७ ते १९८२ दरम्यान मुलांना क्लोरोक्विन दिले. आजार घटला, पण घट औषध सुरू होण्याआधीच चालू झाली होती.

तिसरी कडी पेशीच्या आतली. आठव्या गुणसूत्रावरचे मिक हे वाढीचे जनुक तुटून बहुधा चौदाव्या गुणसूत्रावर, प्रतिपिंडांच्या जनुकाशेजारी जाऊन बसते आणि अखंड चालू राहते. १९८२ मध्ये हे स्पष्ट झाले. हा बदल जवळपास प्रत्येक बर्किट गाठीत असतो, विषाणू असो वा नसो.

याशिवाय एका झुडपाचाही पिच्छा पुरवला गेला. आपल्याकडे शेताच्या बांधाला लावतात तो शेर. आफ्रिकेतही तो कुंपणाला असतो आणि त्याच्या चिकात विषाणूला जागे करणारी द्रव्ये आहेत. संशोधक अजूनही त्याचा उल्लेख करतात, पण पुरावा विषाणू आणि मलेरिया यांच्या जवळपासही पोहोचलेला नाही. शेर महाराष्ट्रात भरपूर आहे आणि इथे त्या प्रमाणात हा आजार नाही, हेही विसरून चालणार नाही.

कारणांच्या या शोधाचा परिणाम वर्गीकरणावरही झाला आहे. पूर्वी ‘आफ्रिकी’ आणि ‘तुरळक’ असे भौगोलिक प्रकार करत. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात विषाणू असलेला आणि नसलेला अशी विभागणी सुचवली आहे, कारण जनुकांतले फरक भूगोलापेक्षा विषाणूशी अधिक जुळतात.

चाकूकडून सलाईनकडे

जबडा कापून मूल वाचत नाही, हे बर्किटना लवकर कळले. साठच्या दशकात मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोफॉस्फामाइड हाताशी आली. कंपालात बर्किट आणि नैरोबीत पीटर क्लिफर्ड यांना एक-दोन मात्रांनी गाठी विरघळताना दिसल्या, आणि काही मुले तर कायमची बरी झाली. १९६७ मध्ये कंपालात लिम्फोमासाठी स्वतंत्र केंद्र निघाले. जॉन झीगलर यांनी ते उभे केले आणि ईदी अमीनच्या काळात परदेशी डॉक्टर गेले तेव्हा चार्ल्स ओल्वेनी यांनी ते चालू ठेवले.

या केंद्रातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, आजार मेंदूत आणि मणक्यातल्या द्रवात लपून राहतो, म्हणून औषध मणक्यातूनही द्यावे लागते. दुसरी पुढे बदलली. पोटातल्या गाठीचा बहुतेक भाग आधी कापून काढावा आणि मग औषध द्यावे, असे १९७४ मध्ये तिथल्याच अनुभवावरून सुचवले गेले होते. औषधे जोरकस झाल्यावर हे मागे पडले. आज गाठ छोटी आणि सहज पूर्ण निघणारी असेल तरच काढतात. मोठ्या ऑपरेशनच्या जखमेपायी किमो लांबली, तर मुलाचा तोटाच होतो.

उपचारांची आजची चौकट मुख्यत्वे फ्रान्समध्ये घडली. कॅथरीन पात आणि सहकाऱ्यांनी आजाराच्या पसाऱ्यानुसार मुलांचे तीन गट केले आणि थोड्या महिन्यांत, पण जोरात औषधे देण्याची पद्धत बसवली. जर्मन गटाची पद्धत तपशिलात वेगळी असली तरी तत्त्व तेच. १९८९ ते १९९६ दरम्यान फ्रेंच पद्धतीने उपचार झालेल्या ५६१ मुलांत पाच वर्षांनंतर नव्वद टक्क्यांहून अधिक जिवंत होती. डोक्याला किरणोपचार देणेही या पद्धतीत बंद झाले.

मग प्रश्न आला की कमी देऊन भागेल का. त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर फ्रेंच, ब्रिटिश आणि अमेरिकी गटांच्या संयुक्त चाचणीने दिले, ज्याचे निष्कर्ष २००७-०८ मध्ये आले. गाठ पूर्ण निघालेल्या मुलांना फक्त दोन फेऱ्या पुरल्या. मधल्या गटातही मात्रा कमी करून निकाल तसेच राहिले. पण अस्थिमज्जा किंवा मेंदूत आजार पसरलेल्या मुलांत मात्रा घटवताच पुन्हा उलटण्याचे प्रमाण वाढले: सुरुवातीच्या फेऱ्यांनी गाठ विरलेल्यांत चार वर्षांनंतर आजारमुक्त राहिलेली मुले पूर्ण मात्रेत ९० टक्के, कमी मात्रेत ८० टक्के.

त्यानंतरचा मोठा टप्पा रिटुक्सिमॅबचा. बी-पेशींवरच्या सीडी२० या खुणेला चिकटणारे हे प्रतिपिंड मोठ्या माणसांत आधीपासून वापरात होते. गंभीर आजाराच्या ३२८ मुलांवरची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांनंतर आजारमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण फक्त किमोत ८२.३ टक्के, तर रिटुक्सिमॅबच्या सहा मात्रा जोडल्यावर ९३.९ टक्के होते. फरक इतका ठळक की चिठ्ठी टाकून गट पाडणे मध्येच थांबवले गेले.

झेपेल तेवढी मात्रा

इथून मतभेद सुरू होतात. पहिली भूमिका सरळ आहे: या आजारात मात्रा म्हणजे जीव. पसरलेल्या आजारात ती घटवली की काय होते हे दिसलेच आहे, तेव्हा गरीब देशांनी कमी औषध देण्यात समाधान मानू नये, सोयी वाढवाव्यात.

दुसरी भूमिका मलावी, कॅमेरूनसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांची. मेथोट्रेक्सेटची मोठी मात्रा द्यायची तर रक्तातले तिचे प्रमाण मोजणारी प्रयोगशाळा हवी, तोंड सोलवटल्यावर नळीने अन्न देता यायला हवे, पांढऱ्या पेशी शून्यावर आल्यावर जबर प्रतिजैविके आणि रक्तपेढी हवी. कुपोषित मुलांना युरोपचा नकाशा जसाच्या तसा लावला तेव्हा आजारापेक्षा उपचारांनी मुले गेली. म्हणून पीटर हेसेलिंग आणि सहकाऱ्यांनी सायक्लोफॉस्फामाइडवर आधारलेल्या, महिनाभरात संपणाऱ्या, अगदी स्वस्त पद्धती बसवल्या. त्यांनी निम्मी किंवा थोडी अधिक मुले बरी होतात.

भारत या दोहोंच्या मध्ये आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इयन मॅग्राथ यांच्या साथीने, ऐंशीच्या दशकात मुलांच्या लिम्फोमासाठी एमसीपी-८४२ ही कमी काळाची, तीव्र पण इथे राबवता येईल अशी पद्धत सुरू केली. तिचा प्राथमिक अहवाल १९९७ मध्ये आला. पुढे मोठ्या केंद्रांनी युरोपीय पद्धतीही स्वीकारल्या. रिटुक्सिमॅबची भारतीय प्रत २००७ पासून बाजारात आहे, त्यामुळे किमतीची भिंत काहीशी खाली आली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किमोचा खर्च येतो. तरी विदर्भातून किंवा बिहारमधून परळला आलेल्या कुटुंबाचा प्रश्न औषधाच्या बिलापुरता नसतो. चार-पाच महिने राहायचे कुठे, बुडालेली मजुरी कोण देणार, घरी राहिलेल्या भावंडांकडे कोण पाहणार? उपचार अर्धवट सुटण्याची कारणे इथे असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतली खोली हा माझ्या मते उपचाराचाच भाग आहे, आणि तो मात्रेच्या कोणत्याही तक्त्यात नसतो.

दोन्ही भूमिका परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचे पुरावे वेगवेगळ्या मुलांवरचे आहेत. पहिली सिद्ध झाली ती सोयी असलेल्या रुग्णालयांत, दुसरी नसलेल्या. एकाच ठिकाणी सोयी हळूहळू वाढवत मात्रा वाढवली तर निकाल कसे बदलतात, यावरचे काम अजून थोडे आहे.

न सुटलेले

रिटुक्सिमॅब जोडल्यावर किमो कमी करता येईल का, हा सध्याचा सर्वांत तातडीचा प्रश्न. मोठ्या माणसांत तुलनेने सौम्य पद्धतीने चांगले निकाल आले आहेत, पण ते मुलांना तसेच लागू करायला बालरोग कर्करोगतज्ज्ञ धजत नाहीत, कारण हाती असलेली पद्धत आधीच दहातली नऊ मुले वाचवते. उलट बाजूने, रिटुक्सिमॅब घेतलेल्या मुलांत वर्षभरानंतरही प्रतिपिंडे कमी राहण्याचे प्रमाण अधिक होते. मलेरिया आणि क्षयरोग घरोघरी असलेल्या मुलखात याची किंमत किती, हे त्या चाचणीतून कळत नाही. डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयावर आणि सायक्लोफॉस्फामाइडमुळे पुढे अपत्यक्षमतेवर होणारे परिणाम मोजायला बऱ्या झालेल्या मुलांचा दशकानुदशके पाठपुरावा हवा. तो आपल्याकडे फारच तुटक आहे.

आजार उलटला तर चित्र अजूनही काळे आहे. पहिल्याच उपचारात पूर्ण मात्रा मिळालेल्या मुलात उलटलेली गाठ औषधांना क्वचितच दाद देते. बोन मॅरो प्रत्यारोपण आणि सुधारलेल्या टी-पेशींचे उपचार करून पाहिले जात आहेत, पण हा आजार इतका धावतो की त्या पेशी प्रयोगशाळेत तयार होईपर्यंत मूल हाती राहील याची शाश्वती नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मुलांच्या कर्करोगासाठी मोहीम सुरू केली, तेव्हा निवडलेल्या सहा आजारांत बर्किट होता. २०३० पर्यंत जगभरातली किमान साठ टक्के कर्करोगग्रस्त मुले वाचावीत, हे उद्दिष्ट आहे. आजार होऊच नये याची वाट मात्र कर्करोग विभागाबाहेरून जाते. मलेरियाची पहिली लस २०१९ पासून मलावी, केनिया आणि घानामध्ये प्रायोगिक तत्त्वावर दिली गेली. दुसरी, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर२१, २०२३ मध्ये शिफारशीत आली. दोन्ही लसी मलेरिया पूर्ण रोखत नाहीत, कमी करतात. पण २०१९ च्या तुकडीतली मुले आता बर्किट लिम्फोमाच्या ऐन वयात पोहोचली आहेत, आणि मलावी, केनियातल्या कर्करोग नोंदवह्या नीट भरल्या गेल्या तर उत्तर मारात राहून गेलेले उत्तर पुढच्या काही वर्षांत त्यांतून मिळू शकते.